मार्काला बरोबर घेऊन या

प्रति,
नाशिक, नाशिकरोड आणि देवळालीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळकसाहेब, पास्टोरेट कमिटीचे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे) सभासद आणि वडीलवर्ग यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

विषय: उज्जीवन सभांमधल्या (विश्वास पुन्हा जागवण्यासाठी भरणाऱ्या सभांमधल्या) साक्षी, आणि त्या साक्षींत न बसणारी माणसं.

लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासकाळ, जवळ आला की आपल्याकडे सभांची आखणी सुरू होते. वक्ता गावातला की बाहेरचा, सभा चर्चमध्ये की कंपाउंडमध्ये मांडव घालून, साउंडवाला कोण, चहाचं कुणाकडे. मग कुणीतरी वहीचं पान उलटून विचारतं, "साक्ष कोण देणार?" म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सभेपुढे कोण सांगणार. मी स्वतः काही वर्षं कमिटीवर होतो, त्यामुळे पुढचं बोलणं मला पाठ आहे. एक नाव निघतं. बाकीचे माना हलवतात. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून दबक्या आवाजात प्रश्न येतो, "पण त्याचं आता सगळं व्यवस्थित आहे ना?"

हे पत्र त्या प्रश्नाबद्दल आहे.

आपल्या साक्षी कशा असतात ते आपण सगळेच जाणतो. दारू होती, प्रभूने सोडवली. डॉक्टरांनी हात टेकले होते, प्रभूने उठवलं. भाड्याच्या खोलीत दिवस काढले, आज पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट आहे, प्रभूची स्तुती असो. यातलं काही खोटं नसतं. दारूतून उठून उभी राहिलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत, त्यांच्या मुलांचे चेहरे कसे खुलतात तेही पाहिलंय, आणि अशा माणसाने माइक हातात घेतला की मीही मनापासून आमेन म्हणतो. अडचण इतकीच, की ज्याच्या आयुष्यात प्रभू आला आहे पण गाडं अजून रुळावर आलेलं नाही, त्याला बोलायला आपल्याकडे जागा नाही. ज्याची दारू तीनदा सुटली आणि तीनदा पुन्हा लागली, त्याने कुठल्या सभेत उभं राहायचं? जिचा नवरा सोडून गेला तो गेलाच, तिने काय सांगायचं? तिला तर आपण शास्त्रवाचनालाही सहसा बोलावत नाही. एमपीएससीच्या मुख्य परीक्षेत दरवर्षी थोडक्यात राहणारा मुलगा चर्चला यायचा बंद झाला, कारण उपासना संपल्यावर गेटपाशी प्रत्येक जण निकालच विचारतो.

ही माणसं विश्वास सोडून गेलेली नाहीत. ती मागच्या बाकावर बसतात, समाप्तीचा आशीर्वाद होईपर्यंत गाडीची किल्ली हातात घेऊन तयार असतात. काही तेही करत नाहीत. तुमच्या रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे 'अनियमित' असं लिहिलेलं असेल.

माझ्या नावापुढेही काही काळ तसंच लिहिलं होतं, म्हणून हे अधिकाराने लिहितो आहे. सातपूरला माझं लहानसं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक मिलिंग, आणि धंदा बरा चालला तेव्हा कर्ज काढून घेतलेलं संगणकावर चालणारं सीएनसी मशीन. टर्निंगचा जॉबवर्क करायचो. मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आटली, पेमेंट लांबायला लागलं, बँकेचा हप्ता मात्र कुणासाठी थांबत नाही. पुढचं सातपूर-अंबडच्या कुणालाही सांगायला नको. मशीन गेलं, शेडचं भाडं थकलं, कामगारांचा हिशेब बायकोचे दागिने मोडून केला. आज मी दुसऱ्याच्या शॉपमध्ये सुपरवायझर आहे. पगार वेळेवर होतो. हे सगळं होऊन गेलं, आता त्याचं रडगाणं गायचं नाही.

पण रविवारी काय व्हायचं ते सांगतो. कापणीच्या सणाला आपल्याकडे लिलाव असतो. वेदीपाशी भोपळे, उसाच्या मोळ्या, द्राक्षांची पेटी, कुणाच्या घरचा केक, पाय बांधलेला एखादा कोंबडा. चांगल्या दिवसांत लिलाव पुकारणारा माझ्याकडे बघून नाव घेऊन ओरडायचा आणि मी हसत हसत बोली चढवायचो. कोंबड्याला त्याच्या अंगावरच्या पिसांपेक्षा जास्त पैसे मोजलेत मी. मग वर्कशॉप गेलं. त्या वर्षी लिलाव पुकारणाऱ्याने सगळ्यांची नावं घेतली, माझ्यावर नजर आली आणि ती सरळ पुढच्या बाकाकडे गेली. तो भला माणूस आहे. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्याने तसं केलं. पण त्या भलेपणाने जे बोचलं ते बँकेच्या नोटिशीने बोचलं नव्हतं. पुढच्या सणाला मी लिलावाच्या आधीच निघालो. त्यानंतर प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, रविवार टाळायला लागलो. मग घरीच बायबल उघडून बसू लागलो, आणि खरं सांगायचं तर धंदा चालत होता तेव्हापेक्षा जास्त प्रार्थना त्या दिवसांत झाली.

त्याच सुमारास एका घरसभेत एक भाऊ मला म्हणाले, "कुठंतरी विश्वास कमी पडला असेल." त्यांचा हेतू वाईट नव्हता. हल्ली मोठ्या मांडवांतून हेच शिकवतात, की विश्वास पुरेसा असेल तर कर्ज फिटतं, व्हिसा मिळतो, गाठ विरघळते. मी घरी येऊन बायबलातल्या इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय काढला. विश्वासवीरांची यादी म्हणून आपण तो अध्याय वाचतो आणि सिंहांची तोंडं बंद झाली तिथे थांबतो. थोडं पुढे वाचा. त्याच विश्वासाने काही जण दगडमार सोसून मेले, काही करवतीने चिरले गेले, काही मेंढरांची कातडी पांघरून डोंगरदऱ्यांत वणवण फिरले. आणि शेवटी लेखक सांगतो की या सगळ्यांच्या विश्वासाची साक्ष पटली, तरी जे वचन होतं ते त्यांच्या हाती पडलं नाही. कोणाचा विश्वास किती ते हाती काय पडलं यावरून ठरवायचं झालं, तर या अध्यायातली अर्धी माणसं आपल्या सभेत साक्षीला बसणार नाहीत.

मला खरा धीर दिला तो मात्र नव्या करारातल्या योहान मार्काने. आपण त्याच्यावर फारसा उपदेश करत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यरुशलेमात त्याच्या आईचं घर म्हणजे मंडळीची प्रार्थनेची जागा. चांगल्या घरातला मुलगा. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा प्रचाराच्या पहिल्या दौऱ्यावर निघाले तेव्हा मदतनीस म्हणून बरोबर गेला. कुप्र बेट पार झालं, पंफुल्यातल्या पिर्गाला पोचले, आणि तिथून मार्क त्यांना सोडून यरुशलेमाला परत आला. का, ते प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने सांगितलेलं नाही. घाबरला असेल, आजारी पडला असेल, पौलाशी पटलं नसेल. सगळे तर्क. नोंद फक्त परत गेल्याची आहे.

पुढच्या दौऱ्याच्या वेळी बर्णबा म्हणाला, मार्काला नेऊ. पौल म्हणाला, जो मध्येच सोडून गेला त्याला नको. प्रकरण इतकं पेटलं की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौलाने सीलाला घेतलं. मजेची गोष्ट अशी, की काही वर्षांपूर्वी याच पौलाला यरुशलेमातली मंडळी जवळ उभं करत नव्हती. कालपर्यंत आपल्या माणसांना तुरुंगात टाकणारा हा, याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? तेव्हा त्याचा हात धरून प्रेषितांपुढे नेलं ते बर्णबानेच. ज्याला एकाने आत घेतलं, तोच दुसऱ्याच्या वेळी दारात आडवा उभा राहिला. कमिटीत हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, नाही का?

पौल चुकला असं लूक म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. दौरा जिवावरचा होता, भरवशाचा माणूस हवा ही अपेक्षा रास्तच होती. पण पौलाने तो शेरा जन्मभर वहीत ठेवला नाही. कलस्सैच्या मंडळीला लिहिताना तो मार्काचं नाव काढतो आणि म्हणतो, तो तुमच्याकडे आला तर त्याला आपला म्हणून घ्या. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, कैदेत, मरण समोर दिसत असताना, देमास सोडून गेलेला, थंडीसाठी त्रोवसला राहिलेला झगा हवा आहे, तेव्हा तो लिहितो की मार्काला आपल्याबरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. पिर्गा ते हे पत्र यात बरीच वर्षं गेली. त्या वर्षांत मार्काला कुणीतरी सांभाळलं, काम दिलं, बरोबर नेलं. ते बर्णबाने केलं. बर्णबा नसता तर पौलाला बोलवायला मार्क उरलाच नसता.

आता येशूचा शिष्य पेत्र, त्याच्याकडे या. फार जुन्या काळापासून, दुसऱ्या शतकातल्या पापियास या बिशपपासून, मंडळीत सांगितलं जातं की मार्काने आपलं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, पेत्राच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरून लिहिलं. म्हणजे चित्र बघा. अर्ध्या वाटेवरून परतलेला एक जण लिहितो आहे, आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारणारा दुसरा सांगतो आहे. आणि तो काय सांगतो? महायाजकाच्या अंगणातला शेकोटीचा सगळा प्रसंग, शपथांसकट. पेत्र तोवर मंडळीतला सगळ्यात मोठा माणूस झालेला होता. ही गोष्ट वगळणं त्याला सहज शक्य होतं, तरी ती तिथे आहे. शिवाय पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी स्त्रियांना जो निरोप मिळतो, तो मार्काने लिहिला आहे त्यात एक नाव जास्त आहे: त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. बाकीच्या शुभवर्तमानांत तिथे पेत्राचं नाव वेगळं येत नाही. ज्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती त्याला नाव घेऊन बोलावलं. लिलावातली माझ्यावरून पुढे सरकलेली ती नजर आठवली की हे वाक्य मला फार मोठं वाटतं.

त्याच आठवड्यात दुसरा एक जण पस्तावला होता. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा. तीस रुपये घेऊन तो मुख्य याजक आणि वडिलांकडे परत गेला, म्हणाला की निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं. ते म्हणाले, "आम्हाला त्याचं काय? तुझं तू पाहून घे." मत्तय सत्ताविसावा अध्याय, चौथं वचन. यहूदाचा न्याय करणं माझं काम नाही. पण धर्माचं काम पाहणाऱ्या समितीने कबुली घेऊन आलेल्या माणसाला दिलेलं हे उत्तर आहे, आणि ते ऐकून तो बाहेर गेला तो परत आला नाही. पेत्रही त्या रात्री बाहेर जाऊन रडला, पण काही दिवसांनी तिबिर्याच्या समुद्रावर मासे धरायला निघाला तेव्हा बरोबर थोमा होता, नथनेल होता, जब्दीचे मुलगे होते. तो एकटा पडला नव्हता. दुःखसहन सप्ताहात आपण दरवर्षी हे वाचतो. कमिटीच्या खोलीत ते चौथं वचन फ्रेम करून लावा असं मला सुचवावंसं वाटतं. येशूच्या फोटोशेजारी जागा आहे.

हा सगळा शास्त्रातला भाग झाला, पण नाशिककरांना इतकं लांब जायची गरज नाही. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. तिथली ख्रिस्ती वसाहत चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी १८५०च्या दशकात उभी केली, आणि गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं तिथे राहून शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ साली प्रसिद्ध मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथे पुरताना प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या विद्यार्थ्याने. सोबत्यांनी शव शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणलं, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा पेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं.

पण ज्या लिव्हिंगस्टनना त्याने खांदा दिला, त्यांची मिशनरी म्हणून नोंद काय होती? इतक्या वर्षांत त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेला आफ्रिकी म्हणून एकाचंच नाव सांगितलं जातं, आजच्या बोट्स्वानातल्या बक्वेना लोकांचा राजा सेचेले. हा सेचेले मोठा उमदा गडी. अक्षरं भराभर शिकला, यशया संदेष्टा त्याला फार आवडायचा. माझे लोक ऐकत नाहीत का, मग गेंड्याच्या कातड्याचे चाबूक काढतो, सगळे विश्वास ठेवतील, अशी तयारीही त्याने दाखवली होती. (आपल्याकडे वर्गणीच्या बाबतीत हा उपाय कुणी सुचवला नाही, हे नशीब.) १८४८ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. त्यासाठी एक सोडून बाकीच्या बायका त्याने माहेरी पाठवल्या होत्या. काही महिन्यांतच त्यांतली एक त्याच्यापासून गरोदर असल्याचं कळलं. लिव्हिंगस्टननी त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं, फार निराश झाले, आणि पुढे नद्या शोधत निघून गेले. त्यांच्या लेखी हे काम फसलं होतं.

सेचेले मात्र थांबला नाही. मिशनरी गेल्यावर तो स्वतः प्रार्थना चालवायचा, स्वतः उपदेश करायचा, लोकांना वाचायला शिकवायचा. जुन्या चालीरीती त्याच्या सगळ्या सुटल्या नाहीत, तो काही संत झाला नाही. पण १८९२मध्ये तो वारला तोवर त्याच्यामुळे शुभवर्तमान जिथे पोचलं, तिथे लिव्हिंगस्टन पोचले नव्हते. इंग्लंडमध्ये ज्याचा एवढा मोठा अंत्यविधी झाला तो माणूस मेला तेव्हा नाईलचा उगम सापडला नव्हता, झांबेझीची मोहीम सरकारने मध्येच परत बोलावली होती, आणि आपला एकमेव शिष्य वाया गेला असंच त्याने धरलेलं होतं. जेकबने खांदा दिला तो अशा माणसाला.

आणि रेव्हरंड टिळक? त्यांचं नाव घेतलं की आपली मान ताठ होते. १९१७मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार नावाची ख्रिस्तभक्तांची संघटना उभी केली, आणि १९१९मध्ये ते गेले. दरबार त्यांच्या मनात होता तसा फुलला नाही. ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य अर्धवट राहिलं. ते पुरं कुणी केलं, तर नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. टिळकांना त्यांच्या हयातीतच साक्ष द्यायला उभं केलं असतं आणि "आता सगळं व्यवस्थित आहे ना?" असं विचारलं असतं, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं याची मला उत्सुकता आहे. बहुतेक ते चिडून उठून गेले असते.

आता शिस्तीचा मुद्दा. कमिटीतले ज्येष्ठ म्हणतील की असं सगळ्यांना पोटाशी धरलं तर मंडळीला वळण कसं राहणार. प्रश्न बरोबर आहे. मंडळीचा पैसा खाणाऱ्याला पुन्हा खजिनदार करा असं मी सांगत नाही. जकातदार जक्कयाने येशूला जेवू घातलं तेव्हा लुबाडलेलं चौपट परत करायची भाषा केली, ती ऐकूनच तारणाची घोषणा झाली. ज्याने दुसऱ्याचं नुकसान केलं त्याने ते भरून द्यावं. बायकोला मारणाऱ्याला क्षमेच्या आडोशाला बसवू नका, आधी तिला विचारा. पण आपण गल्लत भलतीकडेच करतो. धंदा बुडणं, परीक्षेत नापास होणं, मूल न होणं, लग्न न टिकणं, मन आजारी पडणं, यात पाप कुठलं? तरी या माणसांकडे आपण पाप केल्यासारखं बघतो. आणि ज्याचा पैसा कुठून आला ते विचारायची सोय नाही, त्याच्या हस्ते नव्या साउंड सिस्टिमचं समर्पण होतं. आमच्या शॉपमध्ये तपासणीनंतर जॉबला तीन रंगांचे टॅग लागतात: हिरवा पास, लाल रिजेक्ट, आणि मधला पिवळा रिवर्कचा. दिवसाच्या शेवटी पिवळ्या टॅगच्या ट्रेमध्ये भरपूर जॉब असतात आणि त्यांचं कुणाला काही वाटत नाही, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर चढतात. आपल्या मंडळीत पिवळा टॅग नाही.

गंमत म्हणजे आपल्या उपासनेत तो आहे. प्रभुभोजनाच्या आधी आपण सगळे मिळून पापांगिकार करतो, पाळकसाहेबही करतात. विचाराने, शब्दाने आणि कृतीने चुकलो असं मोठ्याने म्हणून मगच मेजाकडे जातो. म्हणजे ते मेज मांडलेलंच आहे चुकलेल्यांसाठी. तरी ज्यांना खरोखर आपण चुकलो असं वाटतं तेच मागे बसून राहतात, आणि आपण त्यांना बसू देतो. मी पुन्हा जायला लागलो ते कुठल्याही उपदेशाने नाही. एका रविवारी घरी मार्काचं शुभवर्तमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचून काढलं. जुन्या हस्तलिखितांत ते स्त्रिया घाबरून कबरेपासून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, इथेच संपतं. पळून आलेल्या माणसाने लिहिलेल्या पुस्तकाचा शेवट पळण्यावर. आणि तरी ते शुभवर्तमान. पुढच्या प्रभुभोजनाला मी गेलो, मधल्या बाकावर बसलो. माझं कर्ज तोवर फिटलं नव्हतं. नातेवाइकांचे थोडे अजूनही द्यायचे आहेत.

तर आता विनंती. लेंटमधल्या सभांपैकी एक, निदान एक, संध्याकाळ अपुऱ्या साक्षींसाठी ठेवा. चर्चमध्ये नको, कुणाच्या तरी घरी किंवा शब्बाथशाळेच्या खोलीत. माइक नको, व्हिडिओ नको, यूट्यूबवर लाइव्ह तर मुळीच नको. ज्याला बोलायचं तो बोलेल, नाही तो स्तोत्र वाचेल. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायला हरकत नाही, ते अंधारात संपतं आणि तरीही आपल्या बायबलमध्ये आहे. कुणाच्या बोलण्यानंतर लगेच उपाय सांगू नका. कुणी रडलं तर "विश्वास ठेवा" म्हणून घाईने प्रार्थना संपवू नका.

हार्वेस्टचा लिलाव बंद करा असं मी म्हणणार नाही, त्यात मजा आहे आणि चर्चच्या छताचे पैसे तिथूनच आले. फक्त बोली नाव घेऊन पुकारू नका, जो हात वर करेल त्याची धरा. आणि भेटीचं. अनियमित सभासदांच्या घरी कमिटीचे लोक वर्षातून एकदा येतात, पण पावतीपुस्तक घेऊन येतात. माझ्याकडेही तसेच आले होते. चहा झाला, आजारपणाची चौकशी झाली, आणि मग थकीत वर्गणी भरली नाही तर मंडळीच्या मतदार यादीत नाव राहणार नाही असं सांगितलं. नियम आहे, मान्य. पण पावतीपुस्तकाची फेरी वेगळी आणि भेट वेगळी करा. भेटीला कमिटीवर नसलेल्या माणसांना पाठवा, महिला मंडळातल्या बायका हे आपल्यापेक्षा चांगलं करतात. आणि जो स्वतः एकदा पडला आहे अशा एकाला तरी बरोबर न्या.

उज्जीवन सभेच्या नेहमीच्या साक्षी चालू राहू द्यात. ज्यांचं सगळं व्यवस्थित झालं त्यांनी स्तुती करावी, आम्ही टाळ्या वाजवू. मात्र पुढच्या बैठकीत नावं ठरवताना तो दबक्या आवाजातला प्रश्न कुणी विचारला, तर अध्यक्षांनी त्याची इतिवृत्तात नोंद करावी. विचारणाऱ्याच्या नावासकट.

पत्र विषयपत्रिकेत घेतलंत तर चर्चेला मी येईन. सध्या मला पहिली शिफ्ट आहे, चार वाजेपर्यंत सातपूरहून मोकळा होतो. त्यानंतरची कुठलीही वेळ चालेल. त्या संध्याकाळच्या सभेला जागा मिळाली नाही तर आमची पुढची खोली आहे. पंधरा-वीस माणसं बसतील, गालिचा शेजारून आणू.

ख्रिस्तात आपला,
मंडळीचा एक सभासद
शरणपूर रोड, नाशिक